स्पोर्ट्स कारचे व्हील अलाइनमेंट
टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो. तो कसा टेकावा, हे व्हील अलाइनमेंट ठरवते. अनेक सामान्य मोटारींत केवळ पुढच्या चाकांचा ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाकांचे आत वा बाहेर वळलेले असणे, जुळवता येतो. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये मात्र चारही चाकांचा टो आणि ‘कॅम्बर’, अर्थात उभ्या रेषेपासूनचा कल, बदलता येतो. त्यासाठी मुख्यतः सस्पेन्शनमधील कॅम बोल्ट फिरवावे लागतात.

जाणकार कारागीर प्रथम टायरमधील हवा, बुश व बॉल जॉइंट तपासतो. चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतके ओझे ठेवतो. सुरुवात मागच्या चाकांपासून होते, कारण गाडीची सरळ दिशा तीच ठरवतात. कॅम्बर हलला की टोही हलतो, म्हणून टो अखेरीस. चाकाचा माथा किंचित आत झुकवल्यास वळणावर पकड वाढते. अति झाल्यास टायरची आतली कड झिजते. मागचा टो बाहेर गेला, तर भरवेगात ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग भरकटू शकतो. तेथे मिलिमीटरचाही हिशेब असतो. जुन्या गाड्यांत हे बोल्ट गंजून बुशमध्ये घट्ट बसलेले असतात. मग यंत्र कितीही अद्ययावत असो, बराच वेळ ते सोडवण्यातच जातो.