ड्रॉप टेबल: नियमात उशिरा आलेली कमांड

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून. नोकरीचं पहिलं वर्ष. टेस्टचा डेटाबेस समजून मी प्रॉडक्शनवर ड्रॉप टेबल चालवलं. एंटर दाबलं आणि टेबल गायब! "नक्की उडवू ना?" असं कुणी विचारलंसुद्धा नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण त्या दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: ही कमांड आपल्याला विचारत का नाही?

मग जुना इतिहास वाचायला घेतला. 1970 साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी डेटा टेबलांच्या रूपात मांडायची कल्पना दिली. 1974 मध्ये तिथल्याच डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. आधीच्या सिस्टिममध्ये डेटाची रचना बदलणं हे तज्ज्ञांचं वेगळं काम असायचं. इथे मात्र ज्या भाषेत डेटा शोधायचा, त्याच भाषेत टेबल तयारही करायचं आणि काढूनही टाकायचं.

खरी गंमत पुढे आहे. 1986 मध्ये अमेरिकेत एसक्यूएलचं पहिलं स्टँडर्ड आलं. त्यात क्रिएट टेबल होतं, पण ड्रॉप टेबल नव्हतंच! कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये होतं, नियमात नव्हतं. नियमात ते आलं 1992 साली, आणि सोबत एक प्रश्न घेऊन आलं: रिस्ट्रिक्ट की कॅस्केड? रिस्ट्रिक्ट म्हणजे टेबलावर एखादा व्ह्यू अवलंबून असेल तर नकार. कॅस्केड म्हणजे त्यालाही सोबत उडवा.

टेबल तयार करताना त्याच्यावर कुणीच अवलंबून नसतं. काढताना असतं. म्हणून तर हा प्रश्न. पण आजचे बहुतेक डेटाबेस हा शब्द न लिहिताही ड्रॉप चालवतात. आणि माझ्या टेबलावर एकही व्ह्यू नव्हता, म्हणजे रिस्ट्रिक्टनेही मला अडवलं नसतं. त्यावर अवलंबून होती ती माणसं, आणि माणसं डेटाबेसला दिसत नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून केलेला ड्रॉप रोलबॅक होतो. मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप चालला की आपोआप कमिट होतं. ओरॅकलने 10जी पासून रिसायकल बिन दिली.

मी आता आधी टेबलाचं नाव बदलतो, काही दिवस थांबतो, कुणी ओरडलं नाही तरच ड्रॉप करतो.

तुम्ही ड्रॉप करण्याआधी एवढंच बघा, आपण नक्की कुठल्या डेटाबेसवर आहोत. भेटू पुढच्या भागात!