‘मेरा जूता है जापानी’ : एका चित्रपटगीताचे पुनरुल्लेख

चित्रपटगीत हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. मात्र एखादे गीत मूळ चित्रपटापासून सुटून पुढील कलाकृतींत उल्लेखिले जाते, तेव्हा त्यातील काय टिकते आणि काय गळून पडते, हेही तपासावयास हवे. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील ‘मेरा जूता है जापानी’ हे गीत त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

गीतकार शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेले, इप्टाशी संबंधित कवी होते. शंकर-जयकिशन यांचे संगीत व मुकेश यांचा स्वर लाभलेले हे गीत पडद्यावर राज कपूर गातात. त्यांनी रंगविलेला नायक बी. ए. झालेला बेकार तरुण असून तो अलाहाबादहून मुंबईकडे निघाला आहे. त्याच्या अंगावरील परदेशी वस्तू चैनीच्या नव्हेत. बूट तर फाटकेच आहेत. विदेशी कापडाच्या होळ्या पाहिलेल्या पिढीसमोर हा नायक जपानी बूट, इंग्रजी विजार आणि रशियन टोपी निःसंकोच मिरवितो व हृदय मात्र भारतीय असल्याचे सांगतो. एवढ्यावर गीत थांबत नाही. आम्ही मनात आणू तेव्हा सिंहासनावर जाऊन बसू, असा निर्धारही पुढील कडव्यात आहे. रस्त्यावरच्या माणसाने सत्तेवर सांगितलेला हा हक्क होय.

नंतरच्या उल्लेखांत हे कडवे जवळजवळ आढळतच नाही. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटानिक व्हर्सेस’ (१९८८) च्या आरंभी विमानातून कोसळणारा नट हेच गीत इंग्रजीतून गातो. मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) मध्ये ते युगांडातून हुसकावलेल्या भारतीय कुटुंबाच्या कथेला साथ देते. दोन्ही ठिकाणी बेकाराचे गाणे स्थलांतरिताचे झाले आहे. अझीझ मिर्झा यांनी २००० साली त्यातील शब्दांवरूनच ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ हे शीर्षक घेतले. तेथे बूट, विजार, टोपी सारेच गेले, उरले ते केवळ हृदय. (याच दिग्दर्शकाच्या १९९२ च्या ‘राजू बन गया जंटलमन’ मध्ये ‘श्री ४२०’ च्या कथेचे वळण दिसते, हे येथे लक्षात घ्यावे.) ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) मधील भारतीय अंतराळवीर मृत्यूपूर्वी हीच धून आळवितो. ‘डेडपूल’ (२०१६) मध्ये ती टॅक्सीत वाजते. परदेशी दिग्दर्शकांना तिचा उपयोग पात्राचे भारतीयत्व क्षणात सूचित करणारी खूण एवढाच आहे.

याचा अर्थ वर्गीय आशय लोप पावून राष्ट्रीय आशय तेवढा उरला, असा सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याला एक ठळक अपवाद आहे. २००६ च्या फ्रँकफर्ट ग्रंथमेळ्यात भारत सन्माननीय अतिथी असताना उद्घाटनाच्या भाषणात महाश्वेता देवींनी या गीताचा आधार घेतला आणि आपल्या देशाचे वर्णन करताना त्याचे फाटकेपण व अभिमान यांचा एकाच दमात उच्चार केला. आदिवासींच्या प्रश्नांसाठी आयुष्य वेचलेल्या या लेखिकेला गीतातील फाटका बूट विसरता आला नव्हता.