बाळांचा खेळ व त्यांचें शिक्षण

ज्युबिलीच्या वर्षीं मागील पिढ्यांनीं आपणांस काय दिलें, याची आठवण केली जाते. आपल्या मंदिराचा इतिहास या अंकांत अन्यत्र आलाच आहे. आम्ही येथें निराळ्या एका वारशाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तीन ते सहा वर्षांच्या बालकास खेळतां खेळतां शिकूं द्यावें, हें आजचें खूळ आहे असें कित्येक पालकांस वाटतें. परंतु या विचारास शंभरांहून अधिक वर्षें झालीं आहेत.

६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, डॉ. मारिया माँटेसरी या कॅथॉलिक विदुषीनें रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत 'बालगृह' उघडलें. तेथें मजुरांचीं मुलें आपल्या मनानें साधन निवडीत व तेंच पुनःपुन्हां हाताळण्यांत रमून जात. बक्षिसाची वा शिक्षेची त्यांस गरज भासेना.

आपल्या देशांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं पुढें मराठी मुलुखांत हें कार्य वाढविलें. परंतु साधनें महाग होतीं. त्यामुळें रोमच्या गरिबांसाठीं निघालेली ही पद्धति इकडे सुखवस्तु घरांपुरतीच राहण्याचें भय होतें.

म्हणून १९४५ सालीं ताराबाई तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ तेथें त्यांस येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, तर कोणी गुरें राखी. तेव्हां या दोघींनीं मुलांस दोष दिला नाहीं. शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. हीच अंगणवाडी होय. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें हें कार्य चाललें. गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली. खडे, शिंपले, पानें व बिया हींच तेथील साधनें झालीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें बालविकासाची योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

बिया निवडतांना मूल लहानमोठें ओळखतें, खडे मांडतांना मोजूं लागतें, माती मळतांना त्याच्या बोटांत पुढें लेखणी धरण्याचें बळ येतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही या वयास खेळाचें शिक्षणच योग्य मानलें आहे.

असें असतां तीन वर्षांच्या बाळाकडून पानेंच्या पानें लिहून घेण्यांत आपण भूषण मानावें काय? मातापित्यांस आमची नम्र विनंती आहे कीं, त्यांनीं बाळास रोज थोडा वेळ आपल्या मनानें खेळूं द्यावें, जवळ बसून तें काय करतें हें पाहावें व त्याच्या प्रश्नांस उत्तर द्यावें. यास पैसा लागत नाहीं. एवढें घडलें तरी ज्युबिलीचें हें वर्ष आपल्या लेंकरांसही आनंदाचें ठरेल.