परभणीहून काय आणलंस?

आमच्या ऑफिसात एक अलिखित नियम आहे. सुट्टीवरून परत आलेल्याने आपल्या गावचं काहीतरी आणून पॅन्ट्रीतल्या टेबलावर ठेवायचं. सातारकर कंदी पेढे आणतो, नागपूरकर संत्रा बर्फी. सावंतवाडीच्या एका मुलीने एकदा लाकडी फळांची परडी आणली होती आणि आमच्या एका टेस्टरने त्यातलं केळं सोलायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. मी परभणीचा. त्यामुळे गेली अकरा वर्षं मी एक साधी युक्ती वापरतो. पहाटे पुण्यात उतरलो की पुण्यातलीच मिठाई घ्यायची आणि टेबलावर ठेवून तिथून सटकायचं.

"परभणीचं काय फेमस आहे रे?" हा प्रश्न हमखास येतो. त्यावर "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण दुसऱ्या कोणी फेकायच्या आत मीच म्हणून टाकतो. स्वतःच हसलं की कमी लागतं.

मागच्या महिन्यात मात्र वेगळं होतं. परभणीचं आमचं घर विकायचं ठरलं. आजी गेल्यापासून बंदच होतं, पत्र्यातून पाणी गळत होतं. बाबा आणि काका दोघांनाही आता जाणं-येणं झेपत नाही. सह्यांसाठी तीन दिवस मुक्काम होता, मी सोबत म्हणून. रात्री गाडीत पडल्या पडल्या डोक्यात आलं, की यानंतर परभणीला यायचं मला काही कारणच उरणार नाही. मग ठरवलं, निदान एकदा तरी खरोखर परभणीची म्हणावी अशी एक वस्तू घेऊन परतायचं. अट एवढीच, ती इतर कुठल्या गावात 'तिथली' म्हणून मिळता कामा नये.

वाटतं तेवढं सोपं नाही हे. गाव जुनं आहे. प्रभावती देवीच्या देवळावरून प्रभावतीनगरी आणि पुढे परभणी, असं जुनी माणसं सांगतात. पण इथे ना किल्ला ना राजवाडा. म्हणजे टुरिस्ट नाही, म्हणजे सुव्हेनिरचं दुकानही नाही. नुसतं बघायला येणारी माणसं असतात तिथे असली दुकानं निघतात. परभणीला माणूस येतो तो कोर्टाच्या तारखेला, मोंढ्यात माल घालायला, नाहीतर फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला. उरुसात दुकानांची रांगच्या रांग लागते, पण त्यातली खेळणी आणि बांगड्या कुठल्याही जत्रेत दिसतात त्याच.

परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती हे आपल्याला माहीत असतं. त्याच संस्थानात औरंगाबादचा हिमरू होता, पैठणची पैठणी होती, बीदरचं बिदरी काम होतं. असल्या कारागिरीला दरबार लागतो, श्रीमंत गिऱ्हाईक लागतं. परभणीच्या वाट्याला आली काळी जमीन. 1900 च्या आसपास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि इथला कापूस गाठी बांधून बाहेर जायला लागला. म्हणजे आमचं गाव कच्चा माल पुरवणारं, बॅकएंडसारखं म्हणा ना. सगळं त्याच्यावर चालतं आणि स्क्रीनवर ते कुठेच दिसत नाही.

असो. पहिल्या दिवशी संध्याकाळी गुजरी बाजाराकडे निघालो. एका बोळात जुन्या वस्तूंचं एक दुकान सापडलं. दुकान कसलं, दोन फळ्यांची टपरी. पितळी अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, कंदिलाच्या काचा, आणि काचेच्या पेटीत नाणी. चाचांनी वर न बघताच विचारलं, "क्या होना साब?"

'होना' म्हणजे 'हवंय'. हे वाक्य पुण्यात कोणी म्हणत नाही. मला उगाचच बरं वाटलं.

पेटीत चारमिनारची नाणी होती. चाचांनी भिंग दिलं आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत बघायला सांगितलं. तिथे एक बारीक अक्षर होतं, 'ऐन'. उस्मान अली खान, म्हणजे 1911 ला गादीवर आलेला शेवटचा निजाम, त्याच्या नावातलं हे पहिलं अक्षर. त्याच्या आधीच्या महबूब अली खानच्या नाण्यांवर त्याच कमानीत 'मीम' असतं. पेटीत दोन्ही होती.

हा 'हाली सिक्का'. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, टांकसाळ होती, 1918 पासून नोटाही होत्या. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीही असायचं. इंग्रजांचा रुपया तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारचे हाली करायचे तर 116 रुपये 10 आणे 8 पै. आम्ही करन्सी कन्व्हर्जनच्या बगवर दोन स्प्रिंट घालवतो. इथले वाणी हा हिशोब तोंडी करत होते, तोही आणे आणि पैमध्ये!

मला एकदम आजी आठवली. माझा पहिला पगार फोनवर सांगितला तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "कलदार ना?" आम्ही सगळे खूप हसलो होतो. मला ती आजीची गंमत वाटली होती. पण ती तिची गंमत नव्हतीच. तिचं लहानपण अशा राज्यात गेलं होतं की पैशाचा आकडा सांगितला, तर कुठला पैसा हे विचारावंच लागायचं. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं. 1950 मध्ये भारतीय रुपया आला, 1951 नंतर हाली निघायचा बंद झाला, पण तो पूर्ण बाद व्हायला 1959 उजाडलं. म्हणजे राज्य गेल्यावर अकरा वर्षं त्याचा पैसा लोकांच्या कनवटीला होता. आणि आजीच्या डोक्यात तर थेट माझ्या ऑफर लेटरपर्यंत.

घराच्या जुन्या खरेदीखतातही रक्कम हालीतच आहे. कागद उर्दूत, तो वाचून घ्यायला आम्हाला माणूस शोधावा लागला. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरं उघडली तेव्हापासून मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा भाव आलाय. मी चारमिनारची एक पावली घेतली, चार आण्यांची. नकली पण येतात म्हणून चाचांनी ती फरशीवर वाजवून दाखवली. पावली छानच आहे. पण मनात आलं, ही परभणीची कुठे, ही हैदराबादची. शोध चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना घेऊन पाथरीला गेलो. मानवतवरून तासाभराचा रस्ता. साईबाबांचा जन्म पाथरीचा असं मानणारे बरेच लोक आहेत. शिर्डीकरांना ते मान्य नाही, जानेवारी 2020 मध्ये यावरून शिर्डी बंद झाली होती. मंदिराबाहेर फोटो, किचेन, मूर्ती सगळं मिळतं, पण ते शिर्डीतही तसंच मिळतं. माझ्या अटीत बसेना.

पाथरीची दुसरी एक गोष्ट मात्र काकांनी रसवंतीवर बसून सांगितली. अहमदनगरची निजामशाही (आपल्या हैदराबादच्या निजामाशी हिचा काही संबंध नाही) मूळची पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातली. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. या घरातला एक मुलगा विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन म्हणून मोठा सरदार झाला. त्याच्या मुलाने, अहमदने, अहमदनगर वसवलं. नातू बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. बुऱ्हाणने निरोप पाठवला, की आमच्या वाडवडिलांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशहाने नाही म्हटलं. 1518 मध्ये बुऱ्हाणने फौज पाठवून पाथरी घेतली. पुढे तिच्यावरून दोन शाह्या पुन्हा लढल्या.

गोष्ट सांगून काका गप्प झाले. मीही. एका माणसाने आजोबांच्या गावासाठी लढाई केली. तेही, आजोबांनी जे लहानपणी सोडलं, ज्यात हा स्वतः कधी राहिला नाही, अशा गावासाठी. आणि आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी सह्या करणार होतो. "त्याच्याकडे फौज होती, आपल्याकडे पत्रे बदलायला माणूस मिळेना," काका म्हणाले आणि उसाचे पैसे द्यायला उठले.

येताना रस्त्याकडेला दगडाची जाती, पाटे-वरवंटे, खलबत्ते मांडलेले दिसले. जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची, तेव्हा जातं नेलं तर अगदी शोभलं असतं. उचलून बघितलं. विचार सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी सह्या झाल्या. शेजारच्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कामून विकायलाव रे बाबा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीला चार तास होते. पाय नेतील तिकडे निघालो आणि नव्या मोंढ्यात एका बियाण्यांच्या दुकानासमोर आलो. आत चकचकीत पाकिटांची भिंत, खताचा वास, काउंटरवर वजनकाटा.

"परभणी क्रांती आहे का?" हे नाव मला लहानपणापासून माहीत होतं, कारण आजोबांच्या परसात तीच भेंडी असायची.

"आहे ना. किती एकर?"

"दोन कुंड्या."

दुकानदार माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग खालच्या खणातून एक पाकीट काढलं. "आता समदे हायब्रीडच नेतात, भाऊ. हे कोणी मागत नाही." मग पाकीट माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "पण हे एकदा घ्यायचं. दोन शेंगा झाडावरच वाळू द्या, पुढच्या साली बी इकत घ्यायचं काम नाही."

गाडीत बसून या पाकिटामागचा इतिहास वाचत गेलो आणि चार्जिंग संपेपर्यंत वाचत राहिलो.

भेंडीला एक रोग होतो, यलो व्हेन मोझॅक. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड बसतं. मुंबई इलाख्यात त्याची नोंद 1924 मध्येच झाली होती. विषाणू पसरवते पांढरी माशी, त्यामुळे किती फवारणार? दिल्लीच्या संशोधन संस्थेने काढलेली 'पुसा सावनी' काही वर्षं टिकली, मग तीही रोगाला बळी पडायला लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी भेंडीच्या भावकीतली एक वेगळीच जात घेतली, अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट. तिला हा रोग होत नाही, पण तिची फळं काही आपल्या भेंडीसारखी नाहीत. तिचा पुसा सावनीशी संकर केला. असल्या दूरच्या सोयरिकीतून येणारी झाडं अर्धवट वांझ निघतात. त्यातलं जे काही हाती लागेल ते पुन्हा पुसा सावनीशी जुळवायचं, रोग न झालेली झाडं ठेवायची, बाकीची उपटायची. पिढ्यानपिढ्या हेच. थोडक्यात, दुसऱ्याच्या कोडमधलं एक फंक्शन उचलायचं आणि बाकीचं काहीही न मोडता आपल्यात मर्ज करायचं! प्रत्येक बिल्डला एक हंगाम. 1985 मध्ये 'परभणी क्रांती' या नावाने वाण बाहेर आलं आणि देशभर गेलं.

हे काही अचानक झालेलं नाही. निजामाच्या सरकारने परभणीला प्रयोगाचं शेत सुरू केलं ते 1918 मध्ये, म्हणजे हालीच्या नोटा आल्या त्याच वर्षी. 1956 मध्ये कृषी महाविद्यालय आलं, 1972 मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. 18 मे हा विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या दिवशी खरिपाच्या बियाण्याची विक्री सुरू होते आणि शेतकरी लांबलांबून येऊन रांग लावतात. इथूनच पुढे 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' अशा ज्वाऱ्या निघाल्या. 'परभणी शक्ती' तर इक्रिसॅटबरोबर काढलेली, जास्त लोह आणि जस्त असलेली. म्हणजे ज्या गावाच्या नावाला मी अकरा वर्षं लाजत होतो, ते नाव देशभरातल्या बियाण्यांच्या दुकानांत पाकिटावर छापलेलं होतं. मी चुकीच्या दुकानात शोधत होतो, एवढंच.

आणि दुकानदार म्हणाले तो मुद्दा महत्त्वाचा. परभणी क्रांती हे सरळ वाण आहे. हायब्रीडचं बी घरी धरलं तर पुढची पिढी तशीच निघत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं, सबस्क्रिप्शनसारखं. सरळ वाणाचं तसं नाही. शेजारी दुसरी भेंडी नसेल तर जे पेरलं तेच पुन्हा उगवतं. आपल्या भाषेत ओपन सोर्स. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चाळीस वर्षांत विषाणूही बदललाय, आता बऱ्याच भागांत परभणी क्रांतीवरही हा रोग दिसतो. म्हणजे कोणीतरी कुठेतरी पुन्हा पहिल्यापासून तेच काम करत असणार.

सोमवारी ऑफिसात गेलो. पॅन्ट्रीच्या टेबलावर पाकीट ओतलं, टिश्यू पेपरच्या पुड्या बांधल्या, एका पुडीत पाच बिया. पहिल्यांदाच टेबलापाशी थांबलो. टेस्टरने विचारलं, "हे खायचं कसं?" म्हटलं, "दोन महिने थांबायचं."

पावली पाकिटात ठेवलीय. घराची किल्ली नव्या मालकाकडे गेली. बाल्कनीतल्या दोन कुंड्यांत सात रोपं वर आलीत, पानं अजून तरी हिरवी आहेत. एका झाडाच्या शेंगा तोडायच्या नाहीत असं घरात सांगून ठेवलंय. पुढच्या वर्षी कोणाला बी हवं असेल तर मागून न्या.