एक मायक्रोफोन, चार माणसे

रॉक संगीत म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. कानठळ्या बसविणारे ढोल, गळा फाडून म्हटलेली गाणी आणि घामाघूम तरुणाई, हेच चित्र आपल्या मनात ठसलेले असते. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु या संगीताच्या इतिहासात असेही एक पान आहे, की जेथे चौघांनी आवाज चढविण्याऐवजी उतरविला आणि स्वतःच्या बळावर आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्या पानाकडे आपण वळू या.

कॅनडातील मायकेल टिमिन्स आणि त्याचा बालमित्र अ‍ॅलन अँटन हे दोघे न्यूयॉर्क आणि लंडन येथे नशीब अजमावून १९८५ च्या सुमारास टोरांटोला परतले. पदरी यश असे फारसे पडले नव्हते. मग मायकेलने घरातच साथीदार शोधले. धाकटा भाऊ पीटर ढोलवादन नुकतेच शिकू लागला होता, त्याला त्याने घेतले. बहीण मार्गो हिला गाण्यास सांगितले. तिला श्रोत्यांसमोर गाण्याची सवयच नव्हती. वाद्यवृंदाने नाव घेतले ‘काउबॉय जंकीज’. नाव भडक आहे हे आम्हांस मान्य आहे, पण त्यामागचे संगीत कमालीचे मृदू होते.

या मृदुपणाचे मूळ त्यांच्या अडचणीत होते. सराव चाले तो घराच्या गॅरेजमध्ये. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली तेव्हा त्यांना वाद्यांचा आवाज कमी करावा लागला. मार्गोचा आवाजही नाजूक, जवळजवळ कुजबुजीसारखा. तो झाकला जाऊ नये म्हणून तिघा वादकांना हात आवरता घ्यावा लागे. अशा रीतीने नाइलाजातून त्यांना त्यांची शैली गवसली.

त्या काळी मोठ्या स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या पट्टीवर ध्वनिमुद्रित करीत आणि नंतर तंत्रज्ञ त्यांचा मेळ घालीत. या पद्धतीला पैसा लागे. या चौघांना पीटर मूर नावाचा ध्वनितंत्रज्ञ भेटला. त्याच्याजवळ एकच, पण अनोखा मायक्रोफोन होता. त्याच्या आत चार ग्राहक चार दिशांना तोंड करून बसविलेले असतात आणि ते खोलीतील अवघा ध्वनी टिपतात. जून १९८६ मध्ये त्याच गॅरेजमध्ये हा मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण झाले. यात नंतरची डागडुजी नाही. एखादे वाद्य मोठे वाटले तर वादकाने मागे सरकायचे, लहान वाटले तर पुढे यायचे. एक चुकला तर चौघांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. तयार झालेली मुद्रिका त्यांनी ‘लेटंट रेकॉर्डिंग्ज’ या स्वतःच्याच संस्थेतर्फे त्याच वर्षी प्रसिद्ध केली.

तिचे नाव ‘व्हाइट्स ऑफ अर्थ नाऊ’, म्हणजे ‘गोऱ्यांनो, पृथ्वीवरून चालते व्हा’. तिच्यातील नऊ गाण्यांपैकी त्यांचे स्वतःचे केवळ एक. बाकीची बहुतेक गाणी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ परंपरेतून घेतलेली. गोऱ्या मुलांनी ती गावीत आणि वर असे नाव द्यावे, यातील उपरोध वाचकांनीच ताडावा. त्यांत रॉबर्ट जॉन्सनची दोन गाणी आहेत. या गरीब गायकाने नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधील एका हॉटेलच्या खोलीत मायक्रोफोनपुढे बसून गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या त्या खोलीनंतर पन्नास वर्षांनी टोरांटोच्या गॅरेजमध्ये तीच साधी रीत पुन्हा अवलंबिली गेली.

या पहिल्या मुद्रिकेने त्यांना जगभर कीर्ती दिली नाही. कीर्ती आली ती दुसरीमुळे, आणि येथे ही कथा आपल्या उंबरठ्याशी येते. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी हेच चौघे, काही साथीदार आणि तोच मायक्रोफोन घेऊन टोरांटोच्या पवित्र त्रैक्याच्या अँग्लिकन मंदिरात गेले. मंदिराच्या उंच छताखाली घुमणारा नाद त्यांना हवा होता. ‘जंकीज’ या नावाने दार उघडणार नाही असे वाटल्याने त्यांनी आपण ‘टिमिन्स कुटुंबीय गायक’ असल्याचे आणि नाताळचा रेडिओ कार्यक्रम मुद्रित करीत असल्याचे सांगितले. ‘द ट्रिनिटी सेशन’ ही गाजलेली मुद्रिका बव्हंशी त्या एका दिवसात सिद्ध झाली.

त्यांनी असत्य सांगितले, याचे समर्थन आम्ही करणार नाही. तथापि त्या मंदिराचा इतिहास पाहता मन विचारात पडते. १८४७ मध्ये ते उभे राहिले ते इंग्लंडमधील एका स्त्रीच्या पाच हजार पौंडांच्या देणगीतून. तिने देताना आपले नाव गुप्त ठेवले होते. चर्चमधील बाके भाड्याने देण्याचा तो काळ. गरिबाला मागे उभे राहावे लागे. येथील बाके सदैव सर्वांना विनामूल्य असावीत, अशी तिची अट होती. ज्या मंदिराचा पायाच मोकळ्या दारावर घातला गेला, तेथेही चार तरुणांना आपले खरे नाव सांगण्याचा धीर झाला नाही.

खरे नाव सांगितले असते तर त्यांना नकारच मिळाला असता, असे आज कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण त्यांना तशी भीती वाटली, एवढे खरे. आपल्या धर्मग्रामातील मुले गिटार घेऊन सभागृहाची किल्ली मागावयास येतात, तेव्हा त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव आपणांस रुचेलच असे नाही. तरीही नावावरून निवाडा करण्यापूर्वी त्यांना आत बसवावे आणि एक गाणे ऐकावे. मग किल्ली द्यायची की नाही ते ठरवावे.