कंत्राटदार पळाला, तर भरपाई कोणी द्यायची?

१/ स्वयंपाकघराचा ओटा फोडलेला, जुनी फरशी उखडून जिन्यात रचलेली, नळ बंद; आणि निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ उचललेला कंत्राटदार फोन घेत नाही. हा प्रसंग अगदी आजचा वाटतो. पण या तक्रारीवरचा कायदा जवळजवळ पावणेचार हजार वर्षे जुना आहे. मित्रहो, आजचा थ्रेड दोन प्रश्नांचा आहे. बिघडलेल्या वा अर्धवट सोडलेल्या कामाचे नुकसान मोजायचे कसे? आणि काम बिघडवणाऱ्याकडे पैसाच नसेल, तर ते भरून द्यायचे कोणी?

२/ १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणमधील सूसा येथे फ्रेंच उत्खननकर्त्यांना एका काळ्या शिलास्तंभाचे तुकडे सापडले. जोडून उभा केलेला हा सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी (इ. स. पू. १७९२ ते १७५०) याची कायदेसंहिता ती हीच. तिच्यातील २२८ ते २३३ ही कलमे घर बांधणाऱ्या कारागिरासंबंधी आहेत. पहिल्याच कलमात मजुरीचा दर येतो: एक ‘सार’ क्षेत्रफळाच्या घरामागे दोन शेकेल चांदी.

३/ या कलमांपैकी लोकांना ठाऊक असते ते २२९ वे: घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्यास देहदंड. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलास. शाळेच्या पुस्तकांना अशी भीषण उदाहरणे आवडतात. माझ्या मते मात्र आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत ती शेवटची दोन. घर पडून मालमत्तेचा नाश झाला, तर बांधणाऱ्याने ती भरून द्यावी आणि घरही स्वखर्चाने पुन्हा उभारावे; भिंत झुकू लागली, तर ती स्वतःच्या चांदीतून मजबूत करून द्यावी. सदोष कामाच्या भरपाईचे माप येथेच ठरते: दुरुस्तीला येईल तो खर्च.

४/ आता ‘स्वतःच्या चांदीतून’ या शब्दांपाशी थोडे थांबू. चांदी नसेल तर? बांधणारा रातोरात दुसऱ्या नगरात निघून गेला तर? याचे उत्तर ही कलमे देत नाहीत. शिवाय त्या काळच्या निवाड्यांच्या मृत्पट्टिकांत या संहितेचा आधार घेतलेला क्वचितच दिसतो. त्यामुळे ती प्रत्यक्ष न्यायदानात किती वापरली जाई, हा अभ्यासकांतील जुना वाद आहे.

५/ दुसऱ्या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याला कौटिलीय अर्थशास्त्रात भेटते. ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणाचा पहिला अध्याय ‘कारुकरक्षण’ नावाचा आहे. कारागिरांचे रक्षण की कारागिरांपासून रक्षण? समास दोन्हीकडे वळतो. आतील नियम मात्र दुसऱ्या अर्थाकडेच झुकतात. मुदत टाळली, तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि मजुरीच्या दुप्पट दंड घ्यावा; शिवाय जे नष्ट झाले ते कारागिराने भरून द्यावे. सांगितल्याहून भलतेच काम केले, तर सगळी मजुरी जावी आणि वर दुप्पट दंड.

६/ खरी मौज त्याच अध्यायाच्या आरंभी आहे. कारागिराकडे सोपवलेला माल ज्याच्या मागे श्रेणीची, म्हणजे व्यवसायसंघाची, पत आहे त्यानेच स्वीकारावा. आणि कारागिरावर आपत्ती ओढवली, तर त्या ठेवीची जबाबदारी श्रेणीने उचलावी. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती हाती घेऊन ही सूत्रे वाचण्यासारखी आहेत. एक सावधगिरी हवी: येथे विषय मुख्यतः विणकर, सोनार अशांकडे दिलेल्या मालाचा आहे, घरदुरुस्तीचा नव्हे. पण एकाचा तोटा साऱ्या व्यवसायाने उचलायचा, हे तत्त्व लक्षात असू द्या. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

७/ तत्पूर्वी पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे मोजमापाकडे परत येऊ. हम्मुराबीचे माप दुरुस्तीच्या खर्चाचे होते. पण दुरुस्तीसाठी धड उभे असलेले घरच फोडावे लागत असेल, तर? हा पेच १९२१ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर आला. खटला ‘जेकब अँड यंग्ज विरुद्ध केंट’. केंट यांनी ७७,००० डॉलरहून अधिक खर्चून गावाकडे घर बांधवून घेतले होते. करारात लिहिले होते की, पाण्याचे नळ ‘रेडिंग’ या बनावटीचेच असावेत.

८/ जून १९१४ मध्ये मालक राहायला आले. मार्च १९१५ मध्ये कळले की काही नळ दुसऱ्याच कारखान्यांचे आहेत. वास्तुविशारदाने काम पुन्हा करण्यास सांगितले. पण नळ बहुतेक ठिकाणी भिंतींत गाडले गेले होते. कंत्राटदाराने नकार दिला आणि उरलेल्या ३,४८३ डॉलर ४६ सेंटसाठी दावा लावला.

९/ न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांचा निर्णय असा: चूक हेतुपुरस्सर नाही, नळही त्याच दर्जाचे आहेत, अशा वेळी भिंती फोडण्याचा खर्च हे नुकसानीचे माप होऊ शकत नाही. घराच्या किमतीत जो फरक पडला तेवढेच नुकसान, आणि येथे तो नाममात्र किंवा शून्य. कंत्राटदार जिंकला, पण चार विरुद्ध तीन मतांनी. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती मॅक्‌लॉक्लिन यांचे म्हणणे होते की मालकाने जे मागितले आणि ज्याचे पैसे कबूल केले, ते मिळणे हा त्याचा हक्क आहे. कारण काहीही असो. मला आजही हा निकाल वाचताना तीन मतांच्या बाजूला उभे राहावेसे वाटते. घर ज्याचे, हट्ट त्याचा.

१०/ पण केंट यांच्या हाती एक गोष्ट होती, जी सामान्य घरमालकाकडे नसते: त्यांनी शेवटचा हप्ता रोखून धरला होता. पैसे आधीच देऊन बसलेल्याचे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे पसरली आणि त्यांच्यामागून दारोदार फिरणारे दुरुस्तीवाले आले. भिंतींना बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून देणाऱ्या विक्रेत्यांना ‘टिन मेन’ म्हणत. बॅरी लेव्हिन्सन यांचा याच नावाचा १९८७ चा चित्रपट १९६३ च्या बाल्टिमोरमध्ये घडतो. त्यातील चौकशी आयोग काल्पनिक नाही: मेरिलँड राज्याने १९६२ मध्ये घरसुधारणा आयोग स्थापून या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा केला होता.

११/ परवाना रद्द करणे ही झाली शिक्षा. तिने घरमालकाच्या उखडलेल्या फरशीचे काहीच होत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा मिळाला, तरी दिवाळखोराकडून वसूल काय करणार? म्हणून १९८५ मध्ये मेरिलँडने हमी निधी उभारला. त्यात पैसे भरायचे परवानाधारक कंत्राटदारांनी. बुडवणारा एक, भरणारे सगळे! श्रेणी आठवली ना? अर्थात मेरिलँडच्या विधिमंडळात कोणी कौटिल्य वाचला नव्हता. एकाच अडचणीने दोन काळांत सारखीच वाट दाखवली, इतकेच.

१२/ या निधीचे गणित पाहा. मूळ कंत्राटदाराला दिलेले पैसे, अधिक काम दुरुस्त वा पूर्ण करण्याचा खर्च, वजा मूळ कराराची रक्कम. समजा, करार ४०,००० डॉलरचा, दिले ३०,०००, आणि राहिलेले काम दुसरा कोणी २५,००० मध्ये करून देतो. ३० अधिक २५, वजा ४०: नुकसान १५,०००. म्हणजे माप पुन्हा दुरुस्तीच्या खर्चाचेच, कार्डोझोंपेक्षा हम्मुराबीच्या जवळचे.

१३/ मर्यादाही कडक आहेत. एका दाव्यात कमाल ३०,००० डॉलर (२०२२ पूर्वी २०,०००), आणि कंत्राटदाराला जेवढे दिले त्याहून जास्त कधीच नाही. वकिलाची फी नाही, मनस्तापाचे पैसे नाहीत. निधीतून रक्कम गेली, की ती व्याजासह परत करेपर्यंत कंत्राटदाराचा परवाना स्थगित. शिवाय कराराच्या एकतृतीयांशाहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास त्याला मनाई आहे. आणि परवाना नसलेल्याकडून काम करून घेतले असेल, तर निधीचे दारच बंद.

१४/ आपल्याकडची वाट वेगळी पडली. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता. घरबांधणी ही त्यातील ‘सेवा’ आहे का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या खटल्यात ‘होय’ असे दिले. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या घराच्या बांधकामातील दोषांसाठी विकासकाला ताबा दिल्यापासून पाच वर्षे जबाबदार धरले: कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती, नाहीतर भरपाई. पण हे विकासकापुरते. राहत्या घराचे स्वयंपाकघर अर्धवट सोडून गेलेल्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. तेथे भरपाईचा आदेश निघतो तो त्या कंत्राटदाराविरुद्ध, आणि रक्कम वसूल करायची तीही त्याच्याकडूनच. त्याची चांदी संपलेली असेल, तर पुढे येणारी श्रेणी किंवा निधी आपल्या व्यवस्थेत नाही.