छेदात शून्य

"छेदात शून्य आलं की पेन खाली ठेवायचा," असं आपले गणिताचे सर बजावायचे. यवतमाळ सोडल्यावर हे वाक्य मला पुन्हा भेटलं ते इंजिनिअरिंगला असताना, विमानाच्या पंखाच्या सूत्रात.

जर्मनीतले लुडविग प्रांट्ल आणि इंग्लंडमधले हर्मन ग्लाउअर्ट यांच्या नावाचं हे सूत्र. वेग वाढला की हवा दाबली जाते, त्यामुळे पंखावरचा दाब किती पट होतो, ते सांगणारं. एक वजा माख अंकाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ छेदात. माख अंक म्हणजे विमानाचा वेग भागिले ध्वनीचा वेग. ०.८ ला उत्तर १.६७ पट, ०.९ ला २.२९ पट. आणि १ ला? छेदात शून्य! खऱ्या पंखावर अनंत दाब येत नाही. तिथे सूत्रच उपयोगाचं राहत नाही.

याच प्रांट्ल यांच्या हाताखाली गॉटिंगेनला एका मराठी माणसाने डॉक्टरेट केली, हे मला फार उशिरा कळलं. डॉ. विष्णु माधव घाटगे. पुढे ते बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १९५१ साली उडालेलं एचटी-२ आणि १९६४ सालचं किरण ही त्यांच्या नेतृत्वाखाली झालेली विमानं. आपल्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळही नव्हती.

एचटी-२ पंख्याचं, सावकाश विमान. छेदातल्या शून्यापासून कोसभर दूर. खरी पंचाईत ०.८ च्या पुढे. विमान ध्वनीपेक्षा हळू चाललेलं असतं, पण पंखाच्या पाठीवरची हवा त्याहून वेगात धावते आणि एका शॉक वेव्हपाशी एकदम मंदावते. पंख हलला की ही शॉक वेव्हही पुढे-मागे सरकते, पण जरा उशिरा. झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसला तर तो चढत जातो, तसं या उशिरामुळे पंखाचं थरथरणं वाढत जाऊ शकतं. त्याला फ्लटर म्हणतात. काही सेकंदांत पंख तुटतो.

थिओडोरसन यांनी १९३५ मध्ये फ्लटरचं गणित मांडलं, पण त्यात हवा दाबली जातच नव्हती. १९६९ मध्ये आल्बानो आणि रॉडन यांनी पंखाचे चौकोन पाडून संगणकाला दिले. त्यातही शॉक वेव्ह नाही. ती काळाबरोबर सरकताना हिशेबात आली १९७७ च्या सुमारास, नासाच्या एम्स केंद्रातल्या बालहाउस आणि गूर्जियन यांच्या प्रोग्रॅममुळे. सॉफ्टवेअरवाली म्हणून मला याचा जरा जास्तच अभिमान!

आपलं मारुत मात्र १७ जून १९६१ लाच उडालं होतं. कल्पना माख २ ची होती. हवं तसं इंजिन मिळालं नाही आणि ते ध्वनीच्या वेगाच्या आसपासच, म्हणजे सगळ्यात अवघड जागी राहिलं. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतला १.२ मीटरचा वातबोगदाही तेव्हा नव्हता. ज्यांनी ते उडवलं, त्यांनी गणिताच्या पुढे जाऊन उडवलं. तेजसने ध्वनीचा वेग ओलांडला १ ऑगस्ट २००३ ला.

नागपूरहून मुंबईला जाणारं जेट विमानही साधारण ०.७८ ने जातं. ऊन डोक्यावर असेल तर कधी कधी पंखावर एक बारीक, थरथरती सावलीची रेघ दिसते. ती शॉक वेव्ह. सर, पुढच्या वेळी खिडकीची सीट मागून घ्या.